चारशेवीस आता तीनशे अठरा झाला, मंडळी!

मराठीत शिव्यांना तोटा नाही. पण आजीसमोर, बॉससमोर आणि सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा बिनधास्त देता येईल अशी शिवी एकच. चारशेवीस! ‘त्या ब्रोकरचं नाव काढू नकोस, एक नंबरचा चारशेवीस आहे!’ एवढं म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. समोरच्याला कळतं की डिपॉझिट बुडालं.

कायद्याच्या कलमाचा असा थेट शिवी म्हणून वापर होतो, ही गंमतच आहे. राज कपूरने १९५५मध्ये या आकड्यावर ‘श्री ४२०’ काढला, कमल हासनने १९९७मध्ये ‘चाची ४२०’. म्हणजे आजोबांपासून आपल्यापर्यंत सगळ्यांनी हा आकडा पाठ केला, तोही लॉ कॉलेजची पायरी न चढता.

तर लोकहो, एक दुःखद बातमी. जुनीच आहे, पण अजून बऱ्याच जणांपर्यंत पोचलेली नाही. ४२० गेला. १ जुलै २०२४पासून इंडियन पीनल कोडच्या, म्हणजे पेपरात छापून येणाऱ्या ‘भादंवि’च्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचा मामला तिथे कलम ३१८ मध्ये आहे, आणि आपला जुना ४२० त्यातल्या चौथ्या पोटकलमात जाऊन बसलाय. शिक्षा तीच, सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. नव्या पुस्तकात शोधायला गेलात तर चारशे विसावं कलम सापडणारच नाही. कारण पुस्तक ३५८व्या कलमालाच संपतं!

आकडे बदलले, राव

जुनं पुस्तक होतं ५११ कलमांचं. मेकॉलेसाहेबांच्या कमिशनने त्याचा मसुदा १८३७मध्ये तयार केला, कायदा पास झाला १८६०मध्ये आणि लागू झाला १ जानेवारी १८६२ला. म्हणजे तब्बल १६२ वर्षं एकच नंबर! आपण तीन वर्षांत दोनदा कंपनी बदलतो.

परवा एका मैत्रिणीच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसले होते. सहज म्हणून टेबलावरच्या पाच-सहा जणांची छोटीशी टेस्ट घेतली. खून म्हणजे किती? ‘तीनशे दोन!’ सगळ्यांचा एकसुरात कोरस. हिंदी सिनेमातल्या जजसाहेबांची कृपा, दुसरं काय. आता खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे. खुनाचा प्रयत्न, म्हणजे जुना ३०७, आता १०९. बायकोच्या छळाचा ४९८ अ आता ८५ आणि ८६ मध्ये.

खरी गंमत पुढे आहे. नव्या पुस्तकातही ३०२ नंबरचं कलम आहे. पण ते आहे मुद्दाम कुणाच्या धार्मिक भावना दुखावण्यासाठी काही बोलणं किंवा हावभाव करणं यासाठीचं. शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. त्यामुळे यापुढे चिडून ‘तीनशे दोन होईल हां माझ्या हातून!’ असं म्हणालात, तर कायद्याच्या विद्यार्थ्याला वाटेल की तुम्ही आता काहीतरी भलतंसलतं बोलणार आहात.

आणि १४४? २०२०च्या लॉकडाऊनमध्ये ज्याच्या नावाने आपण घरात बसून पीठ मळायला शिकलो तो जमावबंदीचा १४४? तो खरं तर पीनल कोडचा नव्हताच, तो होता फौजदारी प्रक्रियेच्या संहितेचा. तीही बदलली. तिच्या जागी आली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, ५३१ कलमांची, आणि जमावबंदी गेली १६३ मध्ये. पुराव्याच्या १८७२च्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तिन्ही कायद्यांना राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली २५ डिसेंबर २०२३ला.

जुना नंबर अजून रिचेबल

आता एक महत्त्वाची गोष्ट, कारण ग्रुपवर फॉरवर्ड फिरत असतात की ‘जुनी सगळी कलमं रद्द, जुन्या केसेस खलास’. बिलकूल नाही! राज्यघटनेचं कलम २० सांगतं की गुन्हा घडला त्या वेळी जो कायदा लागू होता त्याच्याच हिशेबाने माणूस दोषी ठरतो. म्हणजे ३० जून २०२४ला कुणी तुम्हाला गंडवलं असेल तर तो अजूनही अस्सल चारशेवीस. आणि दुसऱ्या दिवशी, १ जुलैला गंडवलं असेल तर तीनशे अठरा. नव्या संहितेच्या शेवटच्या, ३५८व्या कलमात जुना कायदा रद्द करताना जुन्या केसेस जशाच्या तशा चालू राहतील अशी तजवीज केलेली आहे.

आपल्याकडे केसेस किती वर्षं चालतात हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं कोर्टात दोन्ही नंबर सुखाने नांदणार. आमच्या ग्रुपमध्ये एक वकील आहे. त्याच्या टेबलावर जुनं पुस्तक, नवं पुस्तक आणि दोन्हींमधला नंबर जुळवणारा तक्ता अशी तिन्ही ठेवलेली असतात. ‘पूर्वी झोपेतून उठवलं तरी कलम सांगायचो,’ तो म्हणतो, ‘आता जागेपणीसुद्धा तक्ता बघतो.’

झाडू मारायची शिक्षा

नव्या पुस्तकातला माझा आवडता भाग म्हणजे समाजसेवा. परदेशी सिरियल्समध्ये हिरॉइन पिऊन धिंगाणा घालते आणि मग रस्त्यावरचा कचरा उचलते, तो प्रकार. आता आपल्याकडेही ती अधिकृत शिक्षा आहे. मोजक्या सहा गुन्ह्यांसाठीच, पण आहे. कोर्ट सांगेल ते समाजोपयोगी काम करायचं, आणि त्याचा एक पैसा मिळणार नाही. थोडक्यात, इंटर्नशिप!

या सहांपैकी एक म्हणजे नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन करून लोकांना त्रास देणं. जुन्या कायद्यात याला दंड किती होता, सांगा बरं? जास्तीत जास्त १० रुपये. आज १० रुपयांत धड कटिंग मिळाला तर नशीब. नव्या कलम ३५५ मध्ये दंड आहे १,००० रुपयांपर्यंत, किंवा २४ तासांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, किंवा मग समाजसेवा. मात्र हे पायी चालणाऱ्या तळीरामांसाठी. पिऊन गाडी चालवलीत तर मोटार वाहन कायदा वेगळा आहे, आणि तिथे पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. तेव्हा रिक्षा करा. भांडून का होईना, पण करा.

दुसरा गुन्हा ऐकून तुमच्यापैकी निम्मे सावध होतील. बदनामी! कलम ३५६. अप्रेझल झाल्यावर रात्री दीड वाजता बॉसच्या नावानिशी पोस्ट टाकायची हुक्की येते ना, ती इथे येऊन पोचू शकते. साधी कैद दोन वर्षांपर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. आणि ‘पण ते खरं आहे ना!’ एवढं म्हणून भागत नाही. खरं असावं लागतं आणि ते जाहीर करणं लोकांच्या भल्याचंही असावं लागतं. बॉस डब्यातली भाजी न विचारता खातो हे खरं असेल, पण त्यात लोककल्याण दाखवणं जरा अवघड आहे.

हरवला, चोरला की हिसकावला?

हसून झालं असेल तर आता जरा कामाचं. नंबर बदलले म्हणून आपलं रोजचं आयुष्य बदलत नाही. पण पोलीस ठाण्याच्या टेबलापाशी आपण कुठलं क्रियापद वापरतो, त्याने मात्र सॉलिड फरक पडतो.

माझ्या एका मैत्रिणीचा फोन २०२५च्या पावसाळ्यात गेला. एका गर्दीच्या रेल्वे पुलावर, संध्याकाळी साडेसातला, भर पावसात. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन. मागून कुणीतरी फोन खेचला आणि गर्दीत गडप. ती थरथरत जवळच्या ठाण्यात गेली. पहिला प्रश्न, ‘पुलावर नेमकं कुठे? रेल्वेच्या बाजूला की रस्त्याच्या?’ कारण रेल्वेची बाजू असेल तर लोहमार्ग पोलिसांची हद्द, रस्त्याची असेल तर शहर पोलिसांची. पायऱ्यांवर असेल तर बहुधा देवाची! तासाभराने दुसऱ्या ठाण्यात टेबलापलीकडून प्रेमळ सल्ला आला, ‘मॅडम, हरवला असं लिहून द्या ना. पाच मिनिटांत होऊन जाईल.’

ती दमली होती, भिजली होती, घरी आई वाट बघत होती आणि कळवायला फोन नव्हता. तिने लिहून दिलं ‘हरवला’.

आता यात काय बिघडलं? वस्तू हरवणं हा गुन्हाच नाही. गुन्हा नाही म्हणजे एफआयआर नाही, एफआयआर नाही म्हणजे तपास नाही, आणि कागदावर कुणीही चोर नाही. आठ दिवसांनी तिच्या वॉलेटमधून पैसे गेल्याचं लक्षात आलं. तेव्हा तिच्याकडचा सरकारी शिक्क्याचा एकमेव कागद सांगत होता की बाईसाहेबांनी फोन स्वतःच कुठेतरी पाडला. वॉलेटवाल्यांना, बँकेला, पुन्हा पोलिसांना तीच कथा नव्याने सांगताना तिचे तीन हाफ-डे गेले, आणि दर वेळी समोरून तोच प्रश्न, ‘पण इथे तर हरवला लिहिलंय.’

म्हणून ही तीन क्रियापदं पाठ करून ठेवा.

‘हरवला’ म्हणजे फक्त नोंद.

‘चोरला’ म्हणजे कलम ३०३. इथे एक मेख आहे. चोरीचा माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल तर तो गुन्हा आता अदखलपात्र धरलाय, म्हणजे एफआयआरऐवजी आपली नेहमीची ‘एनसी’. चोर पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला शिक्षाही समाजसेवेचीच. त्यामुळे फोनचं बिल जपून ठेवा. फोनमध्ये नको, ई-मेलमध्ये. फोनमध्ये ठेवलेलं बिल फोनबरोबरच जातं, हे लक्षात यायला एमबीए लागत नाही.

‘हिसकावला’ म्हणजे कलम ३०४. हे नवंकोरं कलम आहे, पीनल कोडमध्ये असं वेगळं कलम नव्हतं. अचानक, झटकन किंवा जबरदस्तीने हातातून वस्तू ओढून नेली की तो हा गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. माझ्या मैत्रिणीचा फोन या खात्यात जायला हवा होता.

आणि हद्दीचं काय? सोपं आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणतं की गुन्हा कुठल्याही भागात घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. ठाणं ती नोंदवून घेतं आणि मग योग्य त्या ठाण्याकडे पाठवतं. यालाच सगळे ‘झीरो एफआयआर’ म्हणतात. पूर्वीही सरकारी सूचना तशा होत्या, पण आता ते थेट कायद्यात लिहिलेलं आहे. म्हणजे पुलाची कुठली पायरी कुणाची, हे त्यांनी आपापसात ठरवायचं. तुम्ही छत्री मिटून खुर्चीवर बसायचं.

तक्रार ऑनलाइन किंवा ई-मेलनेही देता येते. फक्त तीन दिवसांत जाऊन तिच्यावर सही करायची. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे, जुन्या कायद्यातही होता. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवायचं असतं. काही गुन्ह्यांत, म्हणजे तीन वर्षं किंवा त्याहून जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवस आधी प्राथमिक चौकशी करता येते, हे खरं. पण ‘आमच्याकडे होत नाही’ हे उत्तर कायद्यात कुठेच नाही. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यायलाच हवा, असं सुप्रीम कोर्टाने ललिताकुमारी खटल्यात २०१३मध्येच सांगून ठेवलंय. तरीही नकार मिळाला तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे, शहरात त्या दर्जाच्या उपायुक्तांकडे. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

ठाण्यात जाऊन भांडा असं मी मुळीच म्हणत नाहीये. त्या टेबलापलीकडचा माणूसही बारा तासांच्या ड्युटीवर असतो आणि त्याच्याही डोक्यावर आकडेवारीचं ओझं असतं, आपल्या टार्गेटसारखंच. शांतपणे एवढंच म्हणायचं, ‘साहेब, हरवला नाही, हिसकावला. तसंच लिहा.’ बहुतेक वेळा या वाक्यानंतर पेन बदललं जातं.

हो, आणि फोन जाण्याआधी *#०६# दाबून येणारा आयएमईआय नंबर लिहून ठेवा. संचार साथी पोर्टलवर तो टाकला आणि पोलिसांकडचा कागद जोडला की हँडसेट ब्लॉक करता येतो.

व्हिडिओ कॉलवरचा साहेब

आता आजच्या काळातला अस्सल चारशेवीस बघा. तो गल्लीच्या कोपऱ्यावर उभा नसतो. तो व्हिडिओ कॉलवर येतो, खाकी घालून, मागे झेंडा आणि अशोकस्तंभ लावून. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलेली आहे. कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही.’ आणि मग ‘व्हेरिफिकेशन’साठी पैसे ट्रान्स्फर करायला लावतो.

हसू नका. यात रिटायर्ड काका-काकूच फसतात असंही नाही. आपल्यासारखे, दोन डिग्र्या आणि तीन क्रेडिट कार्डवालेही फसलेत. कारण आपल्याला कायद्याची भीती वाटते, पण कायदा माहीत नसतो. त्या दोन्हींच्या मधल्या फटीतच तर याचा धंदा चालतो.

तर ऐका. नागरिक सुरक्षा संहितेच्या ५३१ कलमांत ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकारच नाही. अटक म्हणजे माणसाला प्रत्यक्ष ताब्यात घेणं. अटक केली की प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. फार क्वचित प्रसंग सोडले तर बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही, आणि तशी वेळ आलीच तर महिला अधिकाऱ्याने आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यावी लागते. आणि हजर राहण्याची कलम ३५ची नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवून चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५मध्ये स्पष्ट सांगितलंय. नोटीसच चालत नाही तिथे अटक कुठली चालतेय!

पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्येही हा विषय काढला होता. ऑक्टोबर २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे दिला. कारण ही मंडळी आता चक्क कोर्टाच्या नावाने खोट्या ऑर्डर्स दाखवतात!

असा फोन आला तर फंडा एकच. कट करा. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० वर फोन, मग बँकेला. लवकर कळवलं तर पैसे वाटेतच अडवता येतात. उद्या सकाळी मीटिंगनंतर करू म्हणालात तर ते पाच खात्यांतून फिरून गेलेले असतात. आज घरी गेल्यावर आई-बाबांच्या फोनमध्ये हा नंबर सेव्ह करून द्या. नाव काय द्यायचं ते त्यांना विचारा. माझ्या बाबांनी ‘चोर आला’ असं सेव्ह केलंय, आणि मला ते नाव जाम आवडलंय.

आणि हो, या व्हिडिओ कॉलवाल्या साहेबावर कलम कुठलं लागतं माहितीये? तेच आपलं ३१८ चं चौथं पोटकलम, सोबत तोतयेगिरीने फसवल्याचं ३१९. तोतयेगिरीची शिक्षा आधी तीन वर्षांपर्यंत होती, ती आता पाच वर्षांपर्यंत गेलीये. कधीतरी अप्रेझल चांगलंही होतं!

राहता राहिला आपल्या शिवीचा प्रश्न. ‘एक नंबरचा तीनशे अठरा आहे तो!’ म्हणून बघा. मी कॅन्टीनमध्ये म्हणून बघितलं. एकाला वाटलं बसचा नंबर आहे, दुसऱ्याने विचारलं की कुठे जाते? सरकारला कायदा बदलता येतो, गॅझेट काढता येतं, पण आजीच्या तोंडचा शब्द बदलता येत नाही. माझी पैज आहे, आपली नातवंडंही चारशेवीसच म्हणणार, आणि का म्हणतो हे त्यांना कुणालाच माहीत नसणार.

पुढच्या आठवड्यात बोलू भाड्याच्या घराच्या ११ महिन्यांच्या अॅग्रीमेंटबद्दल. बाराच का नाही, असा प्रश्न तुम्हालाही पडलाच असेल ना? तोवर बिल ई-मेलमध्ये, १९३० फोनमध्ये आणि छत्री एका हातात. चारशेवीस लोकांपासून सांभाळून राहा.

सॉरी, तीनशे अठरा!